वाऱ्यासाठी थांबलेली शहरे

आपली हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथून समुद्र तो किती दूर? पाऊस सरल्यावर घाटाच्या कड्यावर उभे राहिले की कोकणपट्टी पायाशी पसरलेली दिसते. पण या नदीचा स्वभाव पाहा. जवळचा समुद्र पाठीशी टाकून ती पूर्वेकडे तोंड करते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी गावे घेत ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला मिळते आणि कृष्णा सगळे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. तिच्या मुखाच्या जवळच मच्छलीपट्टण नावाचे जुने बंदर आहे. सतराव्या शतकात तिथले हाताने चितारलेले रंगीत सुती कापड गलबतांत भरून सुमात्रा, मलाया, सयामच्या बंदरांना जात असे. त्या मुलखात नाण्यापेक्षा कापडाला मान जास्त. कापड द्यायचे आणि लवंग, जायफळ, जायपत्री घ्यायची, असा तो व्यवहार होता. तेव्हा गडहिंग्लजच्या घाटावर आपण जे पाणी पाहतो ते, नकाशावर बोट ठेवून सांगायचे तर, मुंबईकडे जात नाही. ते मलाक्काच्या वाटेला लागलेले असते.

हे मुद्दाम सांगतो, कारण समुद्राचा आणि आपला काय संबंध, अशी घाटमाथ्यावरच्या माणसाची पक्की समजूत असते. अलीकडे मात्र आपल्याकडची माणसेही क्रूझवर, म्हणजे सहलीच्या जहाजावर, जाऊ लागली आहेत. निवृत्तीचे पैसे हाती आलेले मास्तर, दवाखाना मुलावर सोपवलेले डॉक्टर, चार वर्षे पैसे साठवून एकदाचे निघालेले नवरा-बायको. सिंगापूरला विमानाने जायचे, तिथे जहाजात बसायचे आणि पोर्ट क्लांग, पिनांग, फुकेत, क्वचित मलाक्का अशी बंदरे करून पुन्हा सिंगापूरला उतरायचे. चार-पाच रात्रींचा कार्यक्रम. परत आल्यावर विचारावे, "काय काय पाहिलंत?" तर उत्तर मिळते ते जहाजाचे. मजले किती होते, पोहण्याचा तलाव केवढा होता, न्याहारीला किती जिन्नस मांडले होते. बंदरांचे नाव काढले की, "हो, तीही झाली. उतरलो, थोडा बाजार केला, चढलो." पंढरपूरला जाऊन आलेल्या माणसाने एस.टी.च्या गाडीचेच वर्णन करत बसावे, तसे हे झाले. एवढा पैसा आणि एवढी हौस खर्ची पडते, म्हणून चुटपुट वाटते. पुन्हा जाण्याचा योग प्रत्येकाला येतोच असे नाही.

जहाज एका बंदरात साधारण आठ तास थांबते. सकाळी लागते, संध्याकाळी सुटते, आणि सुटण्याच्या तासभर आधी तुम्ही परत यायला हवे. आठ तासांत शहर पाहायचे ते कसे? त्याआधी, ही शहरे मुळात कशी झाली ते ध्यानात घेतले पाहिजे. ती झाली थांबण्यामुळे.

शिडाच्या जहाजांच्या काळात वारा हाच धनी. नैऋत्येचा वारा सुरू झाला की आपल्याकडची जहाजे पूर्वेला निघत. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पोचेपर्यंत त्या वाऱ्याचा जोर ओसरे. परत यायचे तर ईशान्येचा वारा हवा, आणि तो सुटायचा हिवाळ्यात. चिनी जहाजांचे नेमके उलटे. ती ईशान्येच्या वाऱ्यावर येत आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परतत. म्हणजे एकजण येतो तेव्हा दुसऱ्याची जाण्याची वेळ झालेली, किंवा दोघेही अडकून पडलेले. मग माल कुठे तरी ठेवायला हवा, माणसे कुठे तरी राहायला हवीत, भाव ठरवायला दुभाषे हवेत, तंटे तोडायला कोणी अधिकारी हवा, देवाला हात जोडायला देऊळ हवे, मशीद हवी. महिनेच्या महिने थांबायचे म्हटल्यावर घरेही होतात, लग्नेही होतात. आपण 'मोसम' म्हणतो, मलायी माणूस 'मुसिम' म्हणतो. दोघांनीही तो शब्द अरबी खलाशांकडून उचलला. आणि आपण जहाजे लागण्याच्या जागेला 'बंदर' म्हणतो, तर मलायी भाषेत 'बंदर' म्हणजे शहरच. बंदर नाही ते शहर कसले, असा त्या भाषेचा हिशेब दिसतो.

आगबोटी आल्या, १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, आणि वाऱ्याची वाट पाहणे संपले. आताचे सहलीचे जहाज तर घड्याळावर चालते. ज्या शहरांचा पायाच मुळी सक्तीच्या मुक्कामावर घातला गेला, ती आपण आठ तासांत उरकतो. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या आठ तासांतले निदान तीन तास गाडीत न बसता, दुकानात न शिरता, एकाच गल्लीत काढा. कोणत्या गल्लीत, ते सांगतो.

पहिली मलाक्काची. (ही पुस्तिका वाचताना शेजारी नकाशा उघडून ठेवला तर बरे पडेल.) पुष्कळ जहाजे मलाक्काला जात नाहीत. जी जातात ती दूर खोल पाण्यात नांगर टाकतात आणि उतारूंना लहान बोटींनी काठाला आणतात. तुमचे जहाज तिथे जात नसेल तर सहल संपल्यावर सिंगापुराहून मोटारगाडीने जा. अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. एक दिवस जास्त मोडेल, पण मोडू द्या. या सगळ्या माळेतला मेरुमणी तोच आहे.

तोमे पिरेस नावाचा एक पोर्तुगीज औषधविक्या १५१२ पासून तीनेक वर्षे मलाक्कात होता. त्याने लिहून ठेवले आहे की या गावात ८४ भाषा कानांवर पडतात. तिथे येणाऱ्या व्यापाऱ्यांची जी लांबलचक यादी तो देतो, तीत कैरो, एडन, होर्मुझच्या लोकांबरोबर गुजराती तर आहेतच. शिवाय चौल, दाभोळ, गोवा आणि दख्खनच्या राज्यातली माणसेही आहेत. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो. चौल आणि दाभोळ! आज आपण तिथे जातो ते नारळी-पोफळीची सावली पाहायला. पाचशे वर्षांपूर्वी तिथली माणसे मलाक्काच्या बाजारात माल विकत बसली होती, आणि वारा फिरण्याची वाट पाहत होती.

मलाक्काच्या सुलतानाने त्यांच्यासाठी मोठी शहाणी व्यवस्था केली होती. चार शाहबंदर नेमले होते, म्हणजे बंदराचे चार अधिकारी. एक गुजरातच्या व्यापाऱ्यांचा. एक बंगाल, पेगू आणि कोरोमांडलकडच्यांचा. एक जावा आणि मसाल्याच्या बेटांकडच्यांचा. चौथा चिनी आणि त्यांच्या बाजूच्यांचा. जहाज लागले की त्या त्या शाहबंदराने आपल्या माणसांची सोय पाहायची, त्यांचा माल वखारीत लावून द्यायचा, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची. परक्या माणसाला आपल्या भाषेत बोलणारा अधिकारी मिळावा, एवढीशी ही गोष्ट. पण तीच मलाक्काच्या भरभराटीचे मूळ होती. हे सगळे १५११ साली मोडले. आफोंसो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टात मलाक्का. त्याने बांधलेल्या किल्ल्याची एक वेसच आता उभी आहे. बाकीचा किल्ला इंग्रजांनी १८०७ च्या सुमारास पाडून टाकला. वेशीमागच्या टेकडीवर छप्पर उडालेले एक चर्च आहे. गोव्याच्या बाँ जेझूमध्ये ज्यांचे शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्यावर वारले. त्यांचे शव १५५३ मध्ये आधी याच टेकडीवर पुरले होते. गोव्याला ते १५५४ मध्ये आले. आपल्यापैकी ज्यांनी आंबोलीचा घाट उतरून जुन्या गोव्याची वारी केली आहे, त्यांना त्या कथेची आधीची पायरी इथे सापडेल.

आता ती गल्ली. तिचे मलायी नाव जालान तुकांग एमास, म्हणजे सरळ मराठीत सोनार गल्ली. या लहानशा गल्लीत आणि तिला लागून एका दमात चालून जाता येईल एवढ्या अंतरावर सतराव्या शतकातले चिनी देऊळ आहे, १७४८ ची मशीद आहे आणि १७८१ चे गणपतीचे देऊळ आहे. विनायगर म्हणतात त्याला तिथे. हे देऊळ चिट्टी लोकांचे. चिट्टी म्हणजे व्यापारासाठी आलेल्या, वाऱ्यासाठी थांबलेल्या आणि इथल्या बायकांशी लग्ने करून राहिलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. त्यांची घरची बोली मलायी, बायकांचा जुना पेहराव मलायी धाटणीचा, तमिळ बहुतेकांना येत नाही, आणि देव मात्र आपलेच. अशा माणसांना परके म्हणायचे की घरचे? मला वाटते, प्रश्न आपला आहे, त्यांचा नाही. ते देवळाच्या पायरीवर निवांत बसलेले असतात.

तिथल्या दुकानात किंवा हातगाडीवर गोड काही मिळते का पाहा. केळीच्या पानात उकडलेले, आत गूळ-खोबऱ्याचे सारण असलेले पदार्थ त्या भागात पुष्कळ. त्यांना सरसकट 'कुइ' म्हणतात. पाहताक्षणी तुम्हाला उकडीच्या मोदकाची किंवा पातोळ्यांची आठवण होईल. ज्या गुळाचे ते सारण, त्याचे नाव 'गुला मलाका'. तो माडाचा असतो, उसाचा नव्हे, पण 'गुला' हा शब्द संस्कृत 'गुड'चाच भाऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाने गुळाची चव परमुलखात जाऊन तपासावी, यात काही कमीपणा नाही! जेवणाचे निघालेच आहे म्हणून एक बोलून टाकतो. हल्ली काही सहलींत आपल्याकडचा आचारी बरोबर असतो आणि पिठले-भाकरीची हमी जाहिरातीतच छापलेली असते. वयस्कर माणसांची, पथ्याच्या माणसांची सोय म्हणून ठीक. पण नारळ, चिंच, ओली मिरची आणि हळद घालून केलेले जेवण समोर असताना मेतकुटाचा डबा उघडून बसणे मला तरी जमत नाही. गडहिंग्लजच्या बाजारात ज्या संकेश्वरी मिरचीचे ढीग लागतात ती मिरची काय, आजरा-चंदगडचा काजू काय, अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेला. आणि तोच माल त्यांनी मलाक्काकडेही नेला. काजूला तिकडे 'गाजुस' म्हणतात, अननसाला 'नानास'. उलट दिशेनेही काही आले. एकादशीला आपण जो साबुदाणा खातो त्यातला 'साबु' म्हणजे मलायी 'सागु'. तो मूळचा तिकडच्या एका ताडवर्गी झाडाच्या गाभ्याचा. आता आपल्याकडचा साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून होतो, नाव मात्र जुनेच चालू आहे.

रस्त्यात एखादी तांबडी गाडी घंटा वाजवत गेली तर तिच्यावरची अक्षरे वाचा. रोमन लिपीत 'बोंबा' असे लिहिलेले असते. हसू नका. आपण आगीचा 'बंब' म्हणतो तोच हा शब्द, पोर्तुगीजांनी दोन्हीकडे टाकून दिलेला. साबणाला तिकडे 'साबुन', कपाटाला 'अलमारी', भाषेला 'बहासा'. मुले बरोबर असतील तर हा खेळ त्यांच्यावर सोपवा. म्युझियमपेक्षा त्यांना तो जास्त आवडेल.

पिनांगची गोष्ट निराळी. मलाक्का आपोआप वाढले, पिनांग वसवले. १७८६ साली फ्रान्सिस लाइट नावाच्या इंग्रजाने केडाच्या सुलतानाकडून हे बेट कंपनीसाठी मिळवले. इथली एक सोय मोठी. जहाज जॉर्जटाऊन शहराच्या अगदी काठाशी लागते. जिन्यावरून उतरायचे आणि चालू लागायचे. गाडी नको, मार्गदर्शक नको. २००८ साली मलाक्का आणि जॉर्जटाऊन या दोन्ही शहरांना मिळून युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यामुळे जुन्या पेठा बऱ्याच टिकल्या आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड, पुढे पाऊस चुकवत चालता येईल असा पडवीचा पट्टा. आपल्या जुन्या पेठांत वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

पिनांगला जायफळ विकत घ्या. आणि घेताना त्याची कुळकथा आठवा, कारण ती पुरणपोळीइतकी गोड नाही. जायफळ जगात एकाच ठिकाणी होत असे, बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर. त्याचा मक्ता आपल्याच हाती राहावा म्हणून डच कंपनीचा गव्हर्नर कून याने १६२१ साली त्या बेटांवर स्वारी केली. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले हजारभरही तिथे उरले नाहीत. बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम करून नेले गेले किंवा पळाले. पुढे १७९६ मध्ये ती बेटे इंग्रजांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी जायफळाची आणि लवंगेची रोपे पिनांगला आणून लावली. पिनांगला जायफळाच्या फळाचा गर साखरेत मुरवून विकतात, त्याचे सरबतही करतात. आज जायफळ आपल्या कोकणातल्या बागांतही लागते. सणाच्या दिवशी पुरणात ते किसून घालताना हे सारे कोणी आठवावे असे मी म्हणणार नाही. घरातली मंडळी मला स्वयंपाकघरातून हाकलून देतील.

पिनांगच्या रस्त्यांवरून चालताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे, आणि मला खरे तर तिच्याविषयीच बोलायचे होते. हे रस्ते कोणी बांधले?

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान येते. पण अंदमानची बंदिवानांची वसाहत १८५८ सालची. त्याच्या आधी सत्तरएक वर्षे हिंदुस्थानातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना समुद्रापार पाठवायच्या ज्या जागा होत्या, त्यांत पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही नावे होती. १७९० च्या सुमारास बंगालमधून पिनांगला कैदी जाऊ लागले. १८०२ मध्ये तमिळ मुलखातल्या पाळेगारांच्या बंडातली माणसे तिथे धाडली. त्यांत शिवगंगेच्या धाकट्या मरुदूचा कोवळा मुलगा दुराईस्वामीही होता. पुढे मुंबई इलाख्यातूनही माणसे गेली. १८४४ साली आपल्या शेजारच्या सामानगडावर गडकऱ्यांचे बंड पेटले. त्या बंडवाल्यांशी मी सिंगापूरचा संबंध जोडत नाही. काळ ध्यानात यावा म्हणून सांगतो. त्या वर्षी मुंबईच्या न्यायाधीशाने 'समुद्रापार' म्हटले तर त्याचा अर्थ अंदमान होऊच शकत नव्हता. आज विमानतळावर आपण ज्या गावाचे नाव कौतुकाने वाचतो, त्या गावाचे नाव ऐकून तेव्हा एखाद्या घरात रडारड होत असेल.

समुद्र ओलांडण्याचा धाक धर्माचा होता, असे आपण शाळेत शिकलो. पण हजारो कुटुंबांच्या अनुभवात समुद्र ओलांडणे म्हणजे माणूस परत न येणे, हेही खरेच होते. यातला सगळ्यांत विलक्षण योग मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी मंडालेहून उचलून १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले; तो १९१६ मध्ये तिथेच वारला. आणि १९०८ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना आगबोटीने रंगूनला नेऊन त्या थिबाच्या मंडालेत कोंडले. १९१४ पर्यंत ते तिथे होते. सहा वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत! सरकारला हे जमले ते मधल्या समुद्रामुळे. टिळक परत आले. थिबा परतला नाही.

पोर्ट क्लांग आणि फुकेतविषयी फार बोलत नाही. क्लांग हे क्वालालंपूरचे बंदर, पूर्वीचे पोर्ट स्वेटनहॅम, १९०१ सालचे. कथील आणि रबर बाहेर धाडण्यासाठी ते केले. जहाजावरून उतरून राजधानी गाठायला तासाच्या वर वेळ जातो, तितकाच यायला. मधल्या वेळात दोन उंच मनोरे खालून बघायचे. ज्यांना मान वर करून बघण्याची हौस असेल त्यांनी जरूर जावे. फुकेतला बहुतेक मंडळी वाळूच्या किनाऱ्यावर जातात. जुन्या फुकेत गावात कथलाच्या दिवसांतली चिनी-पोर्तुगीज वळणाची घरे आहेत, ती पाहणारे थोडे.

सिंगापूर मी शेवटी ठेवले. जहाज तिथूनच निघते आणि तिथेच परतते, तेव्हा एक दिवस आधी जा किंवा एक दिवस मागे राहा. १८१९ साली रॅफल्सने इथे कंपनीची वखार घातली. १८२५ मध्ये सुमात्रातल्या बेंकूलनहून हिंदी कैद्यांची पहिली तुकडी इथे आणली आणि त्यांच्या हातांनी शहर उभे राहू लागले. त्यांनी दलदली भरल्या, रस्ते केले, विटा भाजल्या. त्यांच्यातच गवंडी, सुतार, लोहार तयार केले आणि त्यांच्यावर मुकादमही त्यांच्यातलेच नेमले. ज्यांची वर्तणूक चांगली, त्यांना काही वर्षांनी परवाना मिळे आणि ते शहरात राहून आपले पोट भरू शकत.

शहराच्या मध्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे पांढरेशुभ्र कॅथीड्रल आहे. १८५६ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १८६१ मध्ये तिथे प्रार्थना होऊ लागली. बांधणारे हात बहुतेक हिंदी कैद्यांचे. आतल्या गिलाव्याची कृती त्या वेळच्या तुरुंगाच्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. शिंपल्यांचा चुना, अंड्यातला पांढरा बलक आणि गूळ एकत्र घोटायचे, नारळाच्या सोडणांत भिजलेल्या पाण्यात ते कालवायचे, भिंतीला लावून वाळल्यावर घासून घासून चकचकीत करायचे. गूळ आणि चुना! आपल्याकडे जुन्या वाड्यांचे काम केलेला एखादा म्हातारा गवंडी भेटला तर त्याला ही कृती सांगून पाहा, तो म्हणेल, "यात नवं काय हाय?" बरोबर आहे. ही विद्या इथूनच तिकडे गेली होती. फरक एवढाच की नेणाऱ्याच्या पायात बेडी होती. देवळाच्या कोनशिलेवर ज्यांची नावे असायची त्यांची आहेत. गिलावा करणाऱ्याचे नाव गिलाव्यातच राहिले.

१८६७ साली या वसाहती हिंदुस्थान सरकारकडून निघून थेट लंडनच्या ताब्यात गेल्या. १८७३ मध्ये तो तुरुंग मोडला. ज्यांची मुदत उरली होती त्यांना अंदमानला नेले, सुटलेले पुष्कळजण तिथेच राहिले, मिसळून गेले. आज सिंगापुरात महाराष्ट्र मंडळ आहे, आपली शिकलेली मुले तिथे बँकांत आणि संगणकाच्या कामावर आहेत. ती पुढच्या सुट्टीत घरी येतात. चांगली गोष्ट आहे. तुम्ही त्यांच्याकडे उतरलात तर एका सकाळी त्यांनाच घेऊन त्या कॅथीड्रलमध्ये जा. आत पाच मिनिटे बसा. काही बोलायची गरज नाही.

तिथून तेलोक आयर नावाच्या रस्त्यावर या. पायी अर्धा तासही लागणार नाही. या रस्त्यावर समुद्राच्या देवीचे एक जुने चिनी देऊळ आहे, १८४० च्या सुमाराला बांधलेले. सुखरूप पोचलो म्हणून खलाशी जहाजातून उतरून आधी तिथे उदबत्ती लावत. जवळच नागूरच्या दर्ग्याची प्रतिकृती, तमिळ मुसलमानांनी १८२८ ते १८३० च्या दरम्यान उभारलेली. तिचेही कारण तेच, नवस फेडणे. दोन्ही इमारती समुद्राकडे तोंड करून बांधल्या होत्या. तुम्ही समोर पाहाल तर समुद्र दिसणार नाही. भर टाकून टाकून तो इतका दूर ढकलला आहे की समोर उंच कचेऱ्यांच्या भिंती आहेत. पलीकडे एक 'बीच रोड' आहे; तोही आता किनाऱ्यावर नाही. त्या देवळाच्या उंबऱ्यापाशी उभे राहून, पाणी कुठपर्यंत असेल, गलबत कुठे लागत असेल, याचा अंदाज बांधत बसणे हा माझ्या मते सिंगापुरातला सर्वांत स्वस्त आणि चांगला कार्यक्रम आहे.

मग मात्र वेळेवर जहाजावर चला. जहाज संध्याकाळी सुटते, आणि नेमके तेव्हाच आत जेवणाची गडबड सुरू होते. जेवण अर्ध्या तासाने झाले तरी चालेल. वरच्या डेकवर कठड्याशी उभे राहा. शांघायनंतर कंटेनरच्या उलाढालीत जगात दुसरे असलेले हे बंदर. त्याच्या बाहेर जिकडे पाहावे तिकडे जहाजे नांगर टाकून उभी असतात. तेलाची, धान्याची, कंटेनरची. अंधार पडू लागला की त्यांचे दिवे एकेक करून लागतात. कोणाला धक्क्यावर जागा मिळायची आहे, कोणाला इंधन घ्यायचे आहे, कोणाला मालकाचा निरोप यायचा आहे. त्यांच्यावरची माणसेही कठड्याशी येऊन उभी राहिलेली दिसतात. वाऱ्याचे काम उरलेले नाही, पण थांबलेली आहेत.